पीएचडीची करवली

वाखेनिंगेन, नेदरलँड्स
रविवार, दुपार

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. तब्येत, जेवण, घर सगळं ठीक. सायकलवर हेल्मेट का घालत नाही हे मागच्या पत्रात झालं आहे, ते पुन्हा नको.

बाबांनी फोनवर विचारलं, "चौथं वर्ष लागलं, मग संपत का नाही?" तेव्हा मी "कळवते" म्हणून फोन ठेवला. तो प्रश्न टाळण्याचा नव्हता, त्याचं उत्तर फोनवर मावत नव्हतं. तर ते असं आहे.

इथे पीएचडी हे शिक्षण कमी आणि नोकरी जास्त. चार वर्षांचा करार, दरमहा पगार, पगारावर कर. पहिल्या वर्षाच्या शेवटी एक बैठक होते, तिला 'गो / नो-गो' म्हणतात. तिथे पुढे जायचं की थांबायचं ते ठरतं. ती केव्हाच पार पडली. थिसिसमध्ये, म्हणजे प्रबंधात, साधारण चार प्रकरणं प्रयोगांची, पुढे प्रस्तावना, मागे सगळ्याची एकत्र चर्चा. प्रयोगांचं एकेक प्रकरण म्हणजे एकेक पेपर, विज्ञानाच्या नियतकालिकात छापायचा लेख. पेपर पाठवला की दोन-तीन रिव्ह्यूअर, म्हणजे त्याच विषयातले तपासनीस, तो वाचतात, फुकट वाचतात, म्हणून सवडीने वाचतात. त्यात महिने जातात. "मोठ्या दुरुस्त्या करा" असं उत्तर आलं की ते नापास होणं नसतं, उलट दार उघडं असल्याची खूण असते. त्यांची एकेक सूचना जशीच्या तशी उतरवायची, खाली आपलं उत्तर आणि पेपरमधल्या ओळीचा नंबर द्यायचा. अशा चाळीस-पन्नास सूचना असू शकतात.

आणि सगळं लिहून झालं तरी संपत नाही. आधी मुख्य गाइडने (त्यांना इथे प्रोमोटर म्हणतात) मान्यता द्यायची, मग बाहेरच्या परीक्षकांनी वाचायचं, मग शेवटच्या परीक्षेसाठी सभागृहाची तारीख, मग थिसिसचं पुस्तक छापायचं. शेवटचा पूर्णविराम आणि समारंभ यांच्यात काही महिने जातातच आणि ते कराराच्या चार वर्षांत बसतात असं नाही. म्हणून शेजारी विचारतील तेव्हा "लिहिते आहे" एवढंच सांगा. ते खरंही आहे.

बाबांना एक प्रयोग सांगते, म्हणजे वेळ कुठे जातो ते कळेल. आपण टोमॅटोवर बघतो तो उशिरा येणारा करपाच हा, फक्त माझा बटाट्यावरचा. सगळे त्याला बुरशी म्हणतात, पण तो खरी बुरशी नाही. त्याचं नातं शेवाळाकडचं. तो राय नावाच्या धान्याच्या आगरवर (जेलीसारखा थर असतो), अंधारात, १८ अंशांना वाढवायचा. दहा-बारा दिवसांनी पांढरा कापूस धरतो. त्यावर गार पाणी ओतून बीजाणूंच्या पिशव्या सुट्या करायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या आणि एका मिलिलीटरला ५०,००० येतील इतपत पाणी घालायचं. मग ते पाणी दोन तास ४ अंशांवर. गारठा लागला की एकेका पिशवीतून पोहणारे बीजाणू बाहेर पडतात. तेच पाणी टेबलावर अर्धा तास विसरलं, कोमट झालं, की पिशवी फुटत नाही, तिला सरळ कोंब येतो, आणि मग एका पानावर मोठा डाग, शेजारच्यावर काहीच नाही. बाटली जोरात हलवली तरी ते पोहायचे थांबतात.

आता पान. रोप पाच-सहा आठवड्यांचं हवं. वरून मोजून तिसरं-चौथं पान घ्यायचं, सगळ्या रोपांचं तेच, कारण खालची म्हातारी पानं रोगाला लवकर बळी पडतात आणि मग बटाट्याच्या जातीतला फरक दिसतो की पानाच्या वयातला, ते सांगता येत नाही. पान पालथं ठेवायचं, पाठीवर १० मायक्रोलिटरचा थेंब, म्हणजे मोहरीपेक्षा जरा मोठा. पान डब्यात ओल्या कागदावर, झाकण बंद. झाकणाला वाफ धरली की थेंब ओघळतो आणि ते पान बाद. सहाव्या दिवशी डाग मोजायचे. त्यातून वारंवार आगरवरच वाढवलेला करपा आळशी होतो, पानावर चढायचाच बंद होतो. मग त्याला आधी ताज्या पानावरून फिरवून आणावं लागतं. तर एका आकड्यासाठी रोपापासून धरले तर दोन महिने, आणि तो आकडा निदान तीनदा काढायचा. बाबा, पेरणी हुकली की हंगाम जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता ताईचा प्रश्न. तिने विचारलं, मन कसं लागतं, आणि सोबत तीन व्हिडिओ पाठवले. ताई, व्हिडिओंनी काही होत नाही, रागावू नकोस. दुसऱ्या वर्षात जवळपास सगळेच ढेपाळतात, त्याचं कारण साधं आहे. पहिल्या वर्षी वाचायचं, शिकायचं, आराखडा लिहायचा, आणि यातलं काहीही केलं तर होतंच. दुसऱ्या वर्षापासून केलेलं होईलच याची खात्री नसते. मेहनत तीच, पण रात्री हाती काही नाही. तेव्हा उत्साहाची वाट बघत बसलं तर महिना जातो. इथे टिकणारे लोक जे करतात ते अगदी क्षुल्लक आहे.

संध्याकाळी उठण्याआधी उद्याचं पहिलं काम चिठ्ठीवर लिहून ठेवायचं, आणि ते इतकं लहान की लाज वाटावी. "तिसरं प्रकरण लिहिणे" असं लिहिलं की सकाळी चहाच लांबतो. "आकृती २ खालच्या मजकुरात तापमान घालणे" असं लिहिलं की हात चालतो आणि पुढचं आपोआप ओढलं जातं. सकाळचे पहिले दोन तास ईमेल उघडायचा नाही. पंचवीस मिनिटं लिहायचं, पाच मिनिटं उठायचं; दोघी-तिघींनी एका खोलीत बसून, न बोलता. एकटीने केलं तर पाचाची पंधरा होतात. फसलेला प्रयोग त्याच दिवशी नोंदवहीत, तारीख आणि आगरच्या बाटलीच्या नंबरसकट. दुसऱ्या दिवशी लिहिला तर आपण कारण शोधत नाही, रचतो.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट गाइडबरोबरची बैठक. दर पंधरा दिवसांनी असते. आदल्या दिवशी एक पान पाठवायचं: काय झालं, कुठे अडलं, कशावर निर्णय हवा. बैठकीनंतर, ठरलं ते चार ओळींत लिहून परत पाठवायचं, नाहीतर महिन्याने दोघांना दोन गोष्टी आठवतात. मुलं चुकतात ती इथे: निकाल नाही म्हणून बैठकच पुढे ढकलतात. निकाल नसतो तेव्हाच ती हवी असते. दोनदा ढकलली की तिसऱ्यांदा तोंड दाखवायची लाज वाटते, आणि मग सहा महिने कोणाचा पत्ता लागत नाही.

हिवाळ्याचं आईने उगाच मनाला लावून घेतलं आहे. डिसेंबरात पावणेनऊला उजाडतं आणि साडेचारला मावळतं, हे खरं. म्हणून जेवणाच्या सुट्टीत सगळे पंधरा-वीस मिनिटं चालून येतात, पाऊस असला तरी. तेवढा उजेड पुरतो. आणि डॉक्टरांचं म्हणशील तर, हो, इथले घरचे डॉक्टर आधी पॅरासिटामॉलच सांगतात. पण विमा सक्तीचा आहे आणि त्या डॉक्टरांकडे जायला वेगळे पैसे पडत नाहीत. हॉस्पिटल, तपासण्या लागल्या तरच वर्षाचे पहिले ३८५ युरो आपले. यात काळजी करण्यासारखं काही नाही. मामांनी पाठवलेला लेख मी वाचला, पुरे.

आता इथली एक पद्धत सविस्तर सांगते, कारण पुढे तिच्यात तुमचं काम आहे. पीएचडीची शेवटची परीक्षा इथे नाटकासारखी असते. निकाल जवळजवळ आधीच ठरलेला असतो, कारण परीक्षकांनी पुस्तक वाचून मान्य केल्याशिवाय तारीखच मिळत नाही. तरीही सगळे काळे झगे आणि टोप्या घालून रांगेने येतात. प्रत्येकाला "अतिविद्वान" अशा अर्थाची पदवी लावूनच उत्तर द्यायचं, साधं "सर" चालत नाही. पुस्तकासोबत एका कागदावर काही विधानं छापायची. त्यातली पहिली थिसिसमधली, पण बाकीची विज्ञान, समाज, कशावरही. अट एवढीच की विधानाला विरोध करता आला पाहिजे आणि त्याचा बचावही करता आला पाहिजे. परीक्षक थिसिस सोडून त्या विधानावरही प्रश्न विचारू शकतात.

प्रश्नोत्तरं ४५ मिनिटं. घड्याळ लावून. वेळ भरली की दरबारातल्या भालदारासारखी एक व्यक्ती दंड घेऊन आत येते, दंड जमिनीवर आपटते आणि लॅटिनमध्ये ओरडते, "होरा एस्त!" म्हणजे वेळ झाली. त्या क्षणी थांबायचं. वाक्य अर्धं असलं तरी अर्धंच राहतं. परीक्षक प्रश्न विचारत असेल तर त्याचाही प्रश्न तसाच लटकतो आणि कोणाला काही वाटत नाही. आजीला सांगा, हा होरा तिच्या पंचांगातलाच. ग्रीक शब्द, तो इकडे लॅटिनमध्ये गेला आणि तिकडे आपल्या ज्योतिषात. मग परीक्षक आत जातात, थोड्या वेळाने येतात, सनद देतात, गाइड कौतुकाचे चार शब्द बोलतात आणि सगळे पेयपानाला जातात. आई, एवढ्यासाठी चार वर्षं का, असं तू म्हणशीलच. मलाही नीट सांगता येत नाही. पण इथल्या लोकांना यात विनोदी काही दिसत नाही.

आणि या नाटकात उमेदवाराशेजारी दोन जणी किंवा दोघे उभे असतात, सजून. त्यांना पॅरानिम्फ म्हणतात. मूळ ग्रीक अर्थ नवरीशेजारी असणारा किंवा असणारी. थोडक्यात करवली. पूर्वी म्हणे उमेदवाराला उत्तर सुचलं नाही तर ते मदतीला येत. आता काम पाहुणे बसवणं, पुस्तकं वाटणं, प्रश्न विधानावर आला तर ते विधान मोठ्यांदा वाचून दाखवणं (तेवढ्यात उमेदवाराला श्वास घेता येतो), आणि पाण्याचा ग्लास. पॅरानिम्फला विषयातलं काही यावं लागत नाही. बहीण चालते. पुष्कळांची बहीणच असते.

ताई, तू येशील का?

पैशांचं. मेमध्ये इथे पगाराच्या ८ टक्के सुट्टीचे पैसे वेगळे मिळतात, ते माझ्या एमएस्सीच्या कर्जात भरायचे आहेत. बाबा, तुम्ही त्या खात्यात परस्पर हप्ता भरू नका. भरलात तर मला कळतं. करार संपल्यावर हाकलून देतात वगैरे मामांचं म्हणणं चूक आहे. पीएचडी झाल्यावर नोकरी शोधायला एका वर्षाचा परवाना मिळतो, आणि तो तीन वर्षांच्या आत कधीही मागता येतो.

सुट्टीचंही सांगून टाकते. वर्षाला २३२ तास मिळतात, म्हणजे २९ दिवस, आणि माझे बरेच शिल्लक आहेत. दिवाळीला सुट्टी मिळत नव्हती असं मी म्हणाले होते ते बरोबर नव्हतं. रोपं त्याच आठवड्यात पाच आठवड्यांची होत होती. दुसऱ्या कोणी पाणी घातलं असतं, पानं मात्र मलाच तोडायची होती. असं मला तेव्हा वाटलं.

त्या स्थळाचं. आई, हो म्हणू नकोस आणि नाहीही म्हणू नकोस. "थिसिस परीक्षकांकडे गेला की बोलू" असं सांग. त्यांना वाट बघवली नाही तर आपल्याला आपोआप कळेल. मुलगी जास्त शिकली की अवघड जातं हे काकूंचं वाक्य मी ऐकलं, तू फोन बाजूला धरला होतास तरी. मला राग आलेला नाही. आणि मुलगा वाईट आहे असंही मी म्हणत नाही, फोटो बघितला आहे.

आता तुमचं काम. सभागृहाची तारीख फार आधी कळत नाही आणि व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा कागद आत्ताच जमवून ठेवा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा हवा, आणि दोन पानं कोरी हवीत. प्रवास विमा ३०,००० युरोंचा, तो मी इथून बघते. निमंत्रणाचं पत्र आणि हमीचा फॉर्म मी पाठवीन. बाबा, मुंबईला जावं लागेल म्हणून आत्तापासून कुरकुर नको.

आजीला जमणार नाही हे मला माहीत आहे. समारंभ इंटरनेटवर थेट दाखवतात, ताई यायला निघण्याआधी तेवढं तिच्या खोलीत लावून देईल. तिला म्हणावं, दंड आपटला की संपलं.

बाबांचा पासपोर्ट बहुतेक पुढच्या वर्षी संपतो आहे. कपाटात वरच्या खणात, निळ्या फाइलीत आहे. तारीख बघून फोटो पाठवा.

तुमची,
धाकटी