सूचना : भरीत पार्टीला यावे, चूर्ण घरी ठेवून यावे

सर्व ज्येष्ठ सभासदांस कळविण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी ११ वाजता नेहमीच्या मळ्यात भरीत पार्टी आहे. वांगी बामणोदची, पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेली. सोबत कळण्याची भाकरी. ताट-वाटी आपापली आणावी.

आता खरा मुद्दा. मागच्या पार्टीत वांगी भाजेपर्यंत 'साखर २१ दिवसांत मुळासकट' या चूर्णाच्या बऱ्याच पुड्या खपल्या. एका सभासदाने (लपवायचं काय, मीच तो) चूर्ण सुरू करून गोळी बंद केली. पंधराव्या दिवशी उपाशीपोटी साखर २८६! चूर्णवाल्याला फोन केला तर म्हणतो, "काका, विष बाहेर पडतंय." साखर उतरली तर चूर्णाचा गुण, चढली तरी चूर्णाचाच गुण. असा भाव आपल्या केळीला कधी मिळाला नाही.

'आमच्या शालकाला फरक पडला' हा पुरावा नव्हे. १७४७ साली जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलाच्या डॉक्टरने स्कर्व्ही (हिरड्या सुजून रक्त येण्याचा आजार) झालेल्या १२ खलाशांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री-लिंबूवाले सगळ्यांत लवकर उठले. तुलना अशी असते. शालक एकटाच असतो, शिवाय तो गोळीही चालू ठेवतो आणि सांगत नाही.

मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तेव्हा पुडी दिसली की विचारावं, "भाऊ, तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा एचबीएवनसी रिपोर्ट आहे का? आधीचा आणि नंतरचा?"

गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणी बंद करू नयेत. वर्गणी शुक्रवारपर्यंत खजिनदारांकडे.

– सचिव