बडोद्याच्या भाईंना, माझी मेमरी परत मिळवून दिल्याबद्दल

भाई,

सप्रेम नमस्कार. फोनवर नुसतं ‘थँक यू’ म्हणून माझं समाधान झालं नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

ठिबक सिंचन, फवारणी पंप यांच्या पुस्तिकांचा माझा सगळा अनुवाद त्या एका ट्रान्सलेशन मेमरीत, म्हणजे मूळ वाक्य आणि त्याचा अनुवाद जोडीनं साठवणाऱ्या फाइलीत, होता. लॅपटॉप गेला, नव्या मशीनवर ती उघडणाऱ्या सॉफ्टवेअरचं लायसन्स चालेना. विक्रेत्याचं उत्तर एकच: नवीन घ्या. मला काम देणाऱ्या एजन्सीनं तर ‘मेमरी सांभाळणं तुमचं काम’ म्हणून हात झटकले. नवं वाक्य मेमरीतल्या जुन्या वाक्याशी थोडंफार जुळतं म्हणून, फझी मॅचच्या नावाखाली, हीच एजन्सी माझा दर कापत आली होती! हे मला अजून सलतं.

तुमची-माझी तर ओळखही नव्हती. तरी स्वतःच्या लायसन्सवर माझी फाइल उघडून तुम्ही ती टीएमएक्स या फाइल-स्वरूपात काढलीत आणि ओमेगाटी या अनुवादाच्या सॉफ्टवेअरमध्ये चालवून दाखवलीत. टीएमएक्स १९९८पासूनचं खुलं स्वरूप, कुठल्याही सॉफ्टवेअरची त्यावर मालकी नाही. कीथ गॉडफ्री यांनी २००० साली सुरू केलेलं ओमेगाटी आजही स्वयंसेवक सांभाळतात, तेही फुकट. दर वर्षी पैसे मोजायला लावणाऱ्यांपैकी कुणी मला याबद्दल अवाक्षर सांगितलं नव्हतं.

पण मला सगळ्यात भिडलं ते पुढचं. फाइल उघडली होती, तुमचं काम संपलं होतं. तरी तुम्ही जुन्या छापील पुस्तिकेशी ताडून पाहिलंत आणि विचारलंत, “ताई, ‘दुसऱ्या’मधला र असा डोक्यावर चढलेला बरोबर आहे का?” गुजरातीत हा आडवा र नाही, तरी तुमच्या नजरेनं तो टिपला. मधलं न दिसणारं जोडचिन्ह कुठेतरी गळून ‘दुसर्या’ झालं होतं. सरसकट बदललं असतं तर ‘कार्य’, ‘सूर्य’सुद्धा बिघडले असते. तुम्ही संशयित शब्दांची वेगळी यादी करून पाठवलीत, खाली लिहिलंत, “मराठी तुमची, निर्णय तुम्ही घ्या.” भाई, माझ्या भाषेचा इतका मान मला पैसे देणाऱ्यांनीही कधी ठेवला नाही.

आपल्या धंद्यात माणसं एकेकटी बसून काम करतात, एकमेकांना स्पर्धक समजतात. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून हे काम करावंसं वाटतं.

यादी तपासून झाली, शब्द दुरुस्त केले. नवी पुस्तिका त्याच मेमरीवर सुरू आहे. पैसे तुम्ही घेतले नाहीत. निदान दिवाळीचा फराळ पाठवू द्या. पत्ता कळवा.

तुमची कृतज्ञ,
एक मराठी अनुवादक