‘तुमची एसटी कितीची?’

आदरणीय साहेब,

सादर नमस्कार.

तुम्ही निवृत्त झाल्याची बातमी आमच्या बार रूममध्ये एका बेलिफानं आणली. चहाचा कप ठेवता ठेवता तो म्हणाला, “आपले एसटीवाले साहेब रिटायर झाले. प्रमुख जिल्हा न्यायाधीश होऊन.” बसलेल्यांपैकी निम्म्या पोरांनी तुम्हाला पाहिलेलंसुद्धा नाही. पण एसटीवाले साहेब कोण, हे कुणी विचारलं नाही.

हे पत्र मी वीस वर्षं लिहायचं ठेवलंय. तुम्ही खुर्चीत असताना वकिलानं तुमचे जाहीर आभार मानले असते तर लोक दोघांकडेही वाकड्या नजरेनं बघायला लागले असते. आणि तुम्ही पाकीट न फोडता परत पाठवलं असतं, हेही मला ठाऊक आहे. आता साठी झाली, खुर्ची सुटली; माझी वाट मोकळी झाली. तुमचं नाव आणि तालुक्याचं नाव मात्र लिहीत नाही. सातारा जिल्हा, माणदेशाच्या अंगाचा तालुका, एवढं पुरे.

मी कोण ते सांगते. २००४ साली तुमच्यापुढं पहिलं वकीलपत्र दाखल करताना वेल्फेअरचं, म्हणजे वकील कल्याण निधीचं, तिकीट लावायला विसरलेली ती मुलगी. तुम्ही वकीलपत्र परत दिलंत, “लावून आणा” म्हणालात, आणि मी येईपर्यंत पुढचं मॅटर घेतलंत. रागावला नाहीत, हसलाही नाहीत. हसला नाहीत याचं मला त्या दिवशी फार बरं वाटलं, कारण मागच्या बाकावर दोघंतिघं हसत होते.

पोरांसाठी एसटीचा किस्सा एकदा लिहून ठेवते. कोर्ट अकराला बसायचं आणि तुम्ही अकराला डायसवर असायचात. बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या मॅटरची यादी, हातात घेतला की आधी नजर जायची पक्षकारांच्या बाकड्याकडं. धोतर-पटका, नऊवारी, हातात पिशवी असं कुणी दिसलं की विचारायचात, “तुमची एसटी कितीची?” म्हणजे परतीची. आमच्या तालुक्यात काही गावांना दिवसातून दोनच गाड्या. साडेचारची चुकली की माणूस स्टँडवर मुक्कामाला. मग ज्याची गाडी लवकर, त्याची साक्ष आधी. सीनियर वकिलांना हे आवडायचं नाही, त्यांना आपला क्रम हवा असायचा. एकदा एक ज्येष्ठ वकील तारीख मागायला उठले, साक्षीदार पिंजऱ्याशी उभा. तुम्ही त्यांना काही बोलला नाहीत. साक्षीदाराला विचारलंत, “आज यायला तिकीट किती पडलं?” त्यानं आकडा सांगितला. “मजुरी बुडाली ती किती?” तोही सांगितला. तुम्ही बेरीज करून खर्च देण्याच्या अटीवर तारीख दिलीत आणि रोजनाम्यात तसं लिहिलंत. पुढच्या वेळी तारखेचा अर्ज आला नाही.

आता आत्याबाईंबद्दल. खरं तर या पत्राचं कारण त्याच.

वाटपाचा दावा होता. वादी म्हणजे पंचावन्नच्या घरातली, निरक्षर बाई. प्रतिवादी सख्खा भाऊ आणि भाचे. बाप गेल्यावर १९९७ साली तिनं हक्कसोडपत्र करून दिलेलं, नोंदणीकृत, खाली तिचा अंगठा. बहिणीनं हक्क सोडायचा ही आपल्याकडची रीत. १९५६च्या कायद्यानं बापाच्या मिळकतीत मुलीला वारसा दिला. पण भावानं साडीचोळी केली आणि बहिणीनं सही केली, म्हणजे प्रकरण मिटलं असं अजूनही कित्येक घरांत धरून चालतात. मी त्या बाईंची वकील होते. खरं सांगायचं तर सीनियरनी तो दावा माझ्याकडं ढकलला होता, कारण नोंदणीकृत दस्तापुढं काही उरत नाही असं त्यांचं मत होतं.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या २००२च्या दुरुस्तीनंतर सरतपास, म्हणजे साक्षीदाराची पहिली साक्ष, शपथपत्रावर यायला लागली होती. मी दोन दिवस बसून शपथपत्र केलं. काय भाषा होती! ‘सदर वादी हिच्या अशिक्षितपणाचा व अगतिकतेचा गैरफायदा घेऊन प्रतिवादी यांनी कपटाने सदरचा दस्त...’ आत्याबाईंना मी ते वाचून दाखवलं, त्यांनी मान डोलावली, अंगठा दिला. तोच प्रकार. आधी भावानं कागद पुढं केला होता, आता मी केला. हे मला फार उशिरा उमगलं.

उलटतपासाला त्या उभ्या राहिल्या आणि तासाभरात दावा हातातून गेला. अंगठा तुमचा? होय. रजिस्ट्रार साहेबांपुढं दिला? होय. कुणी मारलं, धमकावलं? न्हाई. भावानं आजवर माहेरपण केलं? होय, दर दिवाळीला. विरोधी वकील समाधानानं खाली बसले. फेरतपासात काय विचारावं ते मला सुचेना. “नो री”, म्हणजे फेरतपास नाही, असं म्हणून मीही बसले. लाइट गेलेली होती. त्या दिवसांत भारनियमनाचं वेळापत्रक कोर्टालाही लागू असायचं. कॉम्प्युटर बंद, म्हणून तुम्ही स्वतः हातानं साक्ष लिहीत होतात.

तुम्ही पेन खाली ठेवलंत आणि विचारलंत, “आत्याबाई, त्या दिवशी घरून निघाल्यापासून घरी येईपर्यंत काय काय झालं, ते सांगता?”

त्यांनी सांगितलं. माझ्या कानात अजून आहे. “दादा म्हनला, आबांच्या जागी आपली नावं लावायची हाईत, चल. जीपनं गेलो. तितं कागद तयार व्हता. म्या इचारलं काय हाय, तर म्हनला नावं लावायचा. आंगठा दिला. मग रसवंतीत नेलं, समद्यास्नी रस पाजला. मला दोन गिलास दिलं. अन् घरी आनलं.”

“कागद कुणी वाचून दाखवला?”

“कुनी न्हाई. म्या रसवंतीत म्हनलं बी, वाच की रं. तर म्हनला, अगं आता झालं, रस पी.”

तुम्ही ‘कोर्टाचा प्रश्न’ असं लिहून तिचं उत्तर तिच्याच शब्दांत उतरवलंत. खालच्या कोर्टांची भाषा मराठी असं सरकारनं १९९८ सालीच जाहीर केलेलं. तरी साक्षीतली बोली गाळून तिचं ‘सदर’ आणि ‘मजकूर’ करून टाकायची खोड सगळ्यांनाच. तुम्ही ‘अगं आता झालं, रस पी’ जसंच्या तसं ठेवलंत. मग लगेच विरोधी वकिलांकडं वळून म्हणालात, “या उत्तरांवर तुम्हाला उलटतपास घ्यायचा असेल तर परवानगी आहे.” त्यांनी दहा मिनिटं घेतली. तिचा एक शब्द हलला नाही.

कायद्याचं पुस्तक मी रात्री उघडलं. तेव्हाच्या पुरावा कायद्याचं कलम १६५: न्यायाधीश कोणत्याही साक्षीदाराला कोणताही प्रश्न विचारू शकतो. परीक्षेपुरतं पाठ केलेलं कलम. पण मला लागलं ते वेगळंच. दोन दिवस ती बाई माझ्या टेबलासमोर बसून होती, आणि ‘त्या दिवशी काय झालं’ हा प्रश्न मी तिला एकदाही विचारला नव्हता.

पुढच्या तारखांना मी शहाणी झाले. दस्तावरचा साक्षीदार पिंजऱ्यात आला तेव्हा त्याला फक्त रसवंतीबद्दल विचारलं. कोण कोण होतं, कुठं बसलात, पैसे कुणी दिले. मग, दस्त कुठं वाचून दाखवला? “तितंच, रसवंतीत.” भाच्यानं आधीच्या साक्षीत सांगितलेलं की दस्त अंगठा द्यायच्या आधी कचेरीच्या व्हरांड्यात वाचला. मी आणखी एक प्रश्न विचारणार होते, तुमच्याकडं पाहिलं आणि बसले. कधी थांबायचं हेही तुमच्या चेहऱ्यावरून शिकता यायचं, म्हणजे चेहऱ्यावर काहीच नसायचं त्यावरून.

निकाल आमच्या बाजूनं लागला, हक्कसोड बंधनकारक नाही, वाटपाचा प्राथमिक हुकूमनामा. त्याबद्दल मी आभार मानत नाही. त्याच कोर्टात तुम्ही माझे तीन दावे फेटाळलेही आहेत. आभार तुम्ही तो निकाल मराठीत आणि सरळ लिहिलात याचे. आत्याबाईंनी नक्कल घरी नेली, नातवाला ओट्यावर बसवून वाचायला लावली. ‘रसवंती’ शब्द आला तेव्हा त्याला थांबवून ते वाक्य त्यांनी पुन्हा वाचून घेतलं. मी तिथं होते. माझी फी त्या दिवशी फिटली. (उरलेली फी नंतर दोन हप्त्यांत मिळाली, तेही सांगायला हवं.)

त्याच हिवाळ्यात कायदेविषयक शिबिरात, ग्रामपंचायतीपुढच्या लिंबाखाली तुम्ही बोलला होतात. बाकीच्यांनी कलमं सांगितली. तुम्ही पुणे जिल्ह्यातलं १८७५ सालचं सुपे सांगितलंत. शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतले कर्जरोखे बाहेर काढून जाळले, कारण कोर्ट त्या रोख्यापलीकडं बघतच नव्हतं. मग १८७९चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर, या चार जिल्ह्यांसाठी. त्यात कोर्टावर बंधन होतं की नुसता रोखा पाहून हुकूमनामा द्यायचा नाही, व्यवहार सुरुवातीपासून कसा झाला ते शोधायचं. १८९३ला हायकोर्टात जाण्याआधी न्यायमूर्ती रानडे याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश होते, खालच्या कोर्टांचं काम तपासायचे. तुम्ही म्हणालात, “आपल्या जिल्ह्यातल्या कोर्टाला कागदाच्या मागं बघायची सवय जुनी आहे.” आत्याबाईंच्या दाव्याचा उल्लेख अर्थातच केला नाहीत. अपील प्रलंबित होतं.

आणखी एक लिहिते, तुम्हाला आठवत नसेल. मनाई हुकुमाचा माझा एक अर्ज तुम्ही नामंजूर केलात. मी चिडले होते. बार रूममध्ये नको ते बोलले, ते तुमच्यापर्यंत पोचलंही असेल. अपिलात तुमचा आदेश रद्द झाला. मला वाटलं, आता साहेबांपुढं जरा जपून. तर महिनाभरानं डायसवरूनच तुम्ही म्हणालात, “त्या अपिलाच्या निकालाची प्रत आहे तुमच्याकडं? वाचायला द्या.” दुसऱ्या दिवशी परत केलीत तेव्हा समासात पेन्सिलीची बारीक खूण होती आणि तुम्ही एवढंच म्हणालात, “सातव्या परिच्छेदातला मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता.” भरल्या कोर्टात. मी आजवर एवढ्या न्यायाधीशांपुढं उभी राहिले. हे वाक्य दुसऱ्या कुणाकडून ऐकलं नाही. वकिलांकडून तर नाहीच, माझ्यासकट.

निरोपाच्या भाषणांत तुम्हाला रामशास्त्री म्हणाले, असं बेलिफ सांगत होता. आपल्याकडं प्रत्येक निवृत्त न्यायाधीश रामशास्त्री असतो, आणि साताऱ्यात तर त्यांचं गाव माहुली शेजारीच. नारायणरावांच्या खुनानंतर राघोबादादाला तोंडावर दोषी ठरवून पुणं सोडणारा माणूस मोठाच. पण मला ती तुलना पटत नाही. तुमच्यापुढं कधी पेशवा आला नाही. तुमच्यापुढं रोज पन्नास-साठ मॅटरचा बोर्ड आला, बांध कोरल्याच्या तक्रारी, पोटगी, चेक परत गेलेले, आणि साडेचारची एसटी.

घरचं फार लिहीत नाही. वहिनी बाजाराच्या दिवशी स्वतः पिशवी घेऊन यायच्या आणि भाजीवाल्या पैसे घेईनात म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून तुम्ही बाजारच बदललात, हे तालुक्याला माहीत आहे. लग्नाच्या पत्रिका घ्यायचात, लग्नाला जायचा नाहीत. तीन वर्षं कुणाच्या घरी चहा नाही. त्यात वहिनींचे आणि मुलाचे काय हाल झाले असतील, याचा विचार मी तेव्हा केला नव्हता. आता करते. त्यांनाही नमस्कार सांगा.

आत्याबाईंचं सांगून थांबते. अपिलातही निकाल टिकला. शेतजमिनीचं वाटप, म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे हुकूमनामा जिल्हाधिकाऱ्यांकडं, तिथून तहसील, तिथून मोजणी. त्यात आणखी काही वर्षं गेली. शेवटी सत्तावीस गुंठे हातात आले. आता पंचाहत्तरी उलटलीय, कान कमी झालेत, पण बांधावर रोज जातात. तुम्ही निवृत्त झाल्याचं मी सांगितलं तेव्हा त्यांनी आधी विचारलं, “म्हंजी आता सायबांनी काय घेतलं तर चालतंय?”

मी म्हटलं, चालत असावं.

दुसऱ्या दिवशी नातू मोटरसायकलवर पोतं घेऊन आला. दोन पायली बाजरी आहे, त्यांच्या सत्तावीस गुंठ्यांतली. माझ्या ऑफिसात फायलींच्या कपाटाशेजारी ठेवलीय. तुम्ही नको म्हणालात तर तसं कळवा. पण ते त्यांना सांगायला तुम्हीच या, माझ्याच्यानं व्हायचं नाही. परतीची एसटी साडेचारचीच आहे.

आपली,
वेल्फेअरचं तिकीट विसरलेली वकील