आधी खोली, मग रूळ

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत मॉडेल रेल्वेच्या छंदावरचा लेख वाचला. इंजिनं, रूळ, सांधे याबद्दल छान सांगितलंय. खोलीबद्दल मात्र एकच वाक्य आणि मागचा पडदा म्हणे ‘आवडीप्रमाणे’ रंगवावा. या आवडीपायी माझे आठ महिने वाया गेलेत, म्हणून हे पत्र.

मी चित्रकला शिकवायचे. क्षितिजरेषा बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर असते, ही दुरुस्ती मुलांच्या वहीत किती वेळा केली असेल त्याला गणती नाही. आणि घरी १:८७ प्रमाणाचा, म्हणजे एचओ मापाचा लेआउट (रूळ, डोंगर, स्टेशन असा टेबलावरचा देखावा) बांधताना मीच ती विसरले! टेबल जमिनीपासून १२० सेंमीवर, मागे प्लायवुडचा ३० सेंमी पडदा. त्याची वरची कड आली १५० वर आणि उभी राहिले की माझे डोळे १५२ वर. आकाश जिथून सुरू व्हायचं तिथेच पडदा संपला. खाली डोंगर, नदी, बोगदा आणि डोंगरावर थेट विजेचा स्विचबोर्ड. पहिली गाडी धावली तेव्हा सगळ्यांनी आधी तोच पाहिला.

दुसऱ्या खेपेला शहाणी झाले. जुनी वर्तमानपत्रं (तुमचीच होती) भिंतीला टाचण्यांनी लावली, टेबलाच्या कडेपासून फूटभर लांब उभी राहिले आणि कागदाची कड नजरेबाहेर जाईपर्यंत एकेक पान चढवत गेले. भाऊ माझ्याहून वीतभर उंच, त्यालाही उभं केलं. शेवटी ७५ सेंमी उंचीच्या पडद्यावर थांबलो. फूटपट्टीपेक्षा ही रद्दीच खरी.

कोपऱ्यांचंही तसंच. दोन फळ्या काटकोनात जोडल्या की आभाळाला उभी घडी पडते, कितीही रंगवा, जात नाही. तिथे पातळ हार्डबोर्ड गोल वाकवून बसवावा. रंग खाली फिका आणि वर गडद होत जायला हवा. एकच निळा मारला तर न्हाणीघराची भिंत दिसते. दिवा पाठीमागे नको, आपलीच सावली स्टेशनावर पडते. तो टेबलाच्या पुढच्या कडेच्या वर, पट्टीआड लपवावा.

आणि हे सगळं रूळ टाकायच्या आधी. आता माझ्या खोलीत पडद्याच्या वरच्या कोपऱ्याला रंग द्यायचा तर सिग्नलच्या खांबांवरून वाकावं लागतं. दोन खांब मोडले, तिसरा वाकलाय. तसंही हात पाऊण मीटरच्या पलीकडे पोचत नाही, हे खोली मोजतानाच लिहून ठेवावं. एचओत लांब डबे शोभून दिसावेत म्हणून ६१ सेंमी त्रिज्येचं वळण घेतलं, तर गाडी उलट फिरवायला १२२ सेंमी रुंदी नुसत्या रुळांनाच लागते. दोन बाजूंनी भिंत असेल तर कोपऱ्यात घसरलेला डबा उचलणार कसा? मी मधोमध भोक ठेवलं आहे. गुडघे कुरकुरतात, पण खालून रांगत जाऊन वर निघते.

लेखाचा दुसरा भाग येणार आहे म्हणता. त्यात रुळांच्या नकाशाशेजारी खोलीचा उभा छेदही छापा. जमीन, टेबल, डोळे, पडद्याची कड आणि दिवा, पाचही उंच्या त्यात दाखवा.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका