दोन बोटांची टकटक

प्रिय काकू,

एक तारखेला नवं कालनिर्णय खिळ्याला लावून झालं आणि जुनं तुम्ही डब्यांच्या फळीवर अंथरायला घेतलंत, तेव्हा मी ते तुमच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं. तुम्ही म्हणालात, "अगं, रद्दी आहे ती." मी घरी आणून ते नीट घडी घालून कपाटात ठेवलंय, साड्यांच्या खाली.

त्यातल्या चौकोनांत तुमचं सगळं वर्ष आहे. दुधाचे लिटर, गॅस कधी लावला, संकष्टी, पेन्शनचा दिवस. आणि जवळजवळ प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यात निळ्या पेनानं एक अक्षर: स, दु, नाहीतर रा. ही अक्षरं तुमच्या घरातली नाहीत. ती माझ्या नवऱ्याच्या पाळ्यांची आहेत. सकाळची, दुपारची, रात्रपाळी. त्याच्या कारखान्याचा तक्ता तुम्ही दर महिन्याला मागून घेत होतात आणि चष्मा लावून उतरवत होतात. 'स' आणि 'रा'च्या आठवड्यांत अक्षराशेजारी बारीक टिकलीएवढी बरोबरची खूण आहे. मी काल बसून मोजल्या. १४३ निघाल्या.

म्हणजे २०२४ मध्ये १४३ पहाटे तुम्ही साडेपाचला जिना उतरून आमच्या हॉलमध्ये येऊन बसलात, मी पळायला जावं म्हणून.

हे पत्र सगळ्यांनी वाचावं असं मला वाटतं, त्याला कारण आहे. बँकेत बायका विचारतात, लहान मूल, नोकरी, घर, आणि तू पळायला वेळ कसा काढतेस? मी इतके दिवस सांगत आले, "लवकर उठते." हे उत्तर अर्धं आहे, आणि ते ऐकणाऱ्या बाईच्या मनाला लागतं, कारण तीही लवकरच उठत असते. उठून काय करायचं, मूल आत झोपलंय आणि घरात दुसरं माणूस नाही. आम्ही बडोद्यात, सासूबाई जळगावला, आई साताऱ्याला. नवरा सकाळपाळीला असला की सव्वापाचला नंदेसरीची बस पकडतो, रात्रपाळीला असला की साडेसातला घरी पोचतो. दुपारपाळीच्या आठवड्यात तो पहाटे घरी असतो, म्हणून त्या 'दु'पुढे तुमची खूण नाही. तीन आठवड्यांतला एकच आठवडा माझा होता. एक आठवडा पळायचं आणि दोन आठवडे बसायचं, यानं अंगात काही मुरत नाही. दर वेळी पहिल्यापासून सुरुवात.

तुम्हाला हे मी कधी सांगितलंच नव्हतं. जिन्यात बोलता बोलता तुम्हीच विचारलंत, "एवढे बूट आणलेस, ते दारात तसेच का?" आणि दुसऱ्या दिवशी तुमची दारावर दोन बोटांची टकटक. बेल वाजवायची नाही, पिलू उठेल, हे तुम्हाला कुणी सांगावं लागलं नाही. हातात स्टीलची परात, परातीत तुरीच्या हिरव्या शेंगा. दिवा न लावता, देवघरातल्या निरांजनाच्या उजेडात तुम्ही शेंगा सोलत बसायचात. मी परत यायचे तेव्हा घराला शेंगांचा तो हिरवा वास असायचा. पुढे मेथी, मग लसूण, मग उन्हाळ्यात तांदूळ. तांदूळ निवडताना परात वाजते म्हणून तुम्ही खाली टॉवेल घालत होतात.

दांडिया बाजारातून रावपुरा, कोठी, काळा घोडा, आणि पुलाला लागून कमाटीबाग. बागेत एक फेरी मारून परत. सुरुवातीला एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, एवढंच जमत होतं. तरी त्या वेळात मला कुणी हाक मारत नव्हतं. बाळ झाल्यापासून ते पहिल्यांदाच घडत होतं. झाडांतून मोर ओरडायचे, नदीवरून धुकं यायचं, आणि मी माझा श्वास ऐकायचे.

आता जे लिहिणार आहे त्याला तुमची परवानगी मी घेतली आहे. फेब्रुवारीत मी पळणं बंद केलं होतं. तुम्हाला सांगितलं, थंडी बाधते. तुम्ही तीन दिवस ऐकून घेतलंत. चौथ्या दिवशी परात खाली ठेवून म्हणालात, "खरं सांग." आणि मी रडत सांगितलं की पळताना लघवी निसटते. सिझेरियन झालं म्हणजे हे होत नाही अशी माझी समजूत होती, आणि ती चुकीची होती. नऊ महिन्यांचा भार ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंनी पेललेलाच असतो, बाळ कुठूनही बाहेर येवो. मी एका ठिकाणी दाखवलंही होतं. तिथं "बाळंतपणानंतर होतंच असं" म्हणून मला दोन मिनिटांत परत पाठवलं होतं.

तुम्ही म्हणालात, "होतंच असं म्हणून आमच्या पिढीनं जन्मभर सोसलं. शिंक आली की पाय आवळायचे. तू दुसरीकडे जा." आणि फिजिओथेरपिस्ट शोधायला माझ्याबरोबर तुम्ही आलात. पिलू तुमच्या कडेवर होता.

त्या बाईंनी जे सांगितलं ते इथं लिहून ठेवते, कुणाच्या तरी कामी येईल. बाळंतपणानंतर निदान बारा आठवडे तरी पळायचं नाही. ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांनी २०१९ मध्ये तशी सूचनाच काढली आहे. मी थांबले होते त्याहून खूप जास्त, पण नुसतं थांबून भागत नाही. त्यांनी माझी परीक्षा घेतली: अर्धा तास चालणं, एका पायावर दहा सेकंद उभं राहणं, जागच्या जागी एक मिनिट पळणं, एका पायावर दहा उड्या. यात कुठं दुखलं, खाली जड वाटलं किंवा थेंब जरी निसटला, तरी स्नायू अजून तयार नाहीत. मी जागच्या जागी पळण्यातच नापास झाले. मग व्यायाम दिला. लघवी आणि वारा एकदमच रोखून धरतोय अशा तऱ्हेनं ते स्नायू आत-वर ओढायचे, धरायचे, पूर्ण सोडायचे. एका वेळी निदान आठदा, दिवसातून तीन वेळा, आणि हे कमीत कमी तीन महिने. "सोडायला विसरू नका," हे त्यांनी मला चारदा सांगितलं.

ते तीन महिने मी फक्त चालले. पळत नव्हते, तरी तुमची टकटक चुकली नाही. रात्री कचऱ्याचा डबा ठेवायला मी बाहेर आले की वरून कठड्यावरून तुमचा आवाज, "झाले का तीन वेळा?" सगळ्या जिन्याला वाटायचं, औषधाबद्दल विचारताय.

आणि एप्रिलमधली ती सकाळ. त्या दिवशी मला बरं वाटत होतं म्हणून मी बागेत एक फेरी जास्त चालले. घरी आले तर पिलू तुमच्या खांद्यावर, कपाळावर ओली घडी, आणि टेबलावरच्या वर्तमानपत्राच्या कडेला तुमच्या अक्षरात: ५:५० – १०१, ६:१० – १०२. मी फोन घरीच ठेवून गेले होते. त्या रात्री नात्यातल्या एकीचा फोन आला, आणि मूल तापानं फणफणत असताना आई बागेत फिरते हे मला तिच्या तोंडून ऐकावं लागलं. मी ठरवून टाकलं की हे सगळं थांबवायचं.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला टकटक झाली. मी दार उघडून म्हटलं, काकू, मी आता जाणार नाही. तुम्ही आत आलात, पिलूच्या मानेला हात लावून बघितलात आणि म्हणालात, "ताप तू घरी असतीस तरी आलाच असता. आज नको जाऊस, तो तुला चिकटलाय. पण मी बसते." आणि तुम्ही बसलात. आपण चहा घेतला, फारसं बोललो नाही, आणि सव्वासहाला तुम्ही उठून गेलात. काल मी मुद्दाम तो चौकोन शोधला. त्या दिवशीही खूण आहे.

मे महिन्यात मी पुन्हा एक मिनिट पळाले. काही निसटलं नाही.

मला सगळ्यात जास्त आठवतो तो ११ ऑगस्टचा रविवार. पॅरिस ऑलिम्पिकचा शेवटचा दिवस, बायकांची मॅरेथॉन, तुमच्या टीव्हीवर. तुम्ही विचारलंत, किती पळतात या? मी म्हटलं, ४२ किलोमीटर आणि वर १९५ मीटर, इथून आणंदपर्यंत धरा. सिफान हसन पहिली आली तेव्हा पिलूनं टाळ्या वाजवल्या. मी सांगितलं की बायकांना ऑलिम्पिकमध्ये ही शर्यत १९८४ मध्ये पहिल्यांदा मिळाली, त्याआधी नव्हतीच. तुम्ही लगेच म्हणालात, "चौऱ्याऐंशी? म्हणजे उषाचं पदक हुकलं ते साल." पी. टी. उषाचं ब्राँझ सेकंदाच्या शंभराव्या भागानं गेलं, ते तुम्हाला कालचं असल्यासारखं आठवत होतं. मग बोटांवर काही मोजलंत आणि म्हणालात, "माझी धाकटी तेव्हा पिलूएवढी होती." पुढं काही बोलला नाहीत. मीही विचारलं नाही. पण तेव्हापासून मी पळताना कधीकधी तुमची ती मोजणारी बोटं माझ्या डोळ्यांपुढं येतात.

ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्री नदीला पूर आला. धोक्याची पातळी २५ फूट आणि पाणी ३५च्या वर, बागेत पाणी, रस्त्यांवर मगरी. ते चौकोन कोरे आहेत. दिवाळीच्या पाडव्याला मी न थांबता पाच किलोमीटर पळाले आणि बूट न काढताच वर तुमच्याकडे आले. तुम्ही किती पळालीस हे विचारलं नाहीत, तसं तुम्ही कधीच विचारलं नाहीत. म्हणालात, "पाणी पी आधी."

काकू, तुम्ही मला पळायला शिकवलं नाही, आणि हिंमत दे, जिद्द धर असलंही कधी काही म्हणाला नाहीत. तुम्ही येऊन बसलात. तक्ता बघून, वेळेवर, न सांगता. आभार तर मी मानतेच, मनापासून, पण ते तोंडावर म्हणायला गेले की तुम्ही "चल, काहीतरीच" म्हणून वळता. म्हणून लिहिलं.

या महिन्याचा तक्ता सोबत ठेवतेय. १३ तारखेपासून रात्रपाळी आहे. १४ला उत्तरायण, रस्त्यात मांजा लोंबत असतो, त्या दिवशी मी जात नाही. तिळगूळ घेऊन वर येईन. १५ला वाशी उत्तरायण, म्हणजे पतंगांचा दुसरा दिवस, तेव्हाही नको. १६पासून साडेपाच. शेंगा मीच आणून ठेवते.

तुमची,
खालच्या मजल्यावरची