अक्षीच्या गुरुजींना आभारपत्र

आदरणीय गुरुजी,

सादर प्रणाम.

आई, बाबा आणि मावशी लक्षद्वीपचा प्रवास आटोपून परवा सुखरूप नाशिकला परतले. मुंबई बंदरातल्या बॅलार्ड पिअर धक्क्यावर जहाजात चढताना तिघेही ताजेतवाने होते, याचे श्रेय त्याआधी अलिबागजवळच्या अक्षीत घालवलेल्या दिवसांना, म्हणजेच आपल्याला आहे. निघतानाच्या घाईत आपले नीट आभार मानायचे राहून गेले. वयस्कर माणसांना घेऊन निघणाऱ्या इतरांनाही आपल्या सल्ल्याचा उपयोग व्हावा, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

आम्ही आधी ठरवलेले घर टेकडीच्या उतारावर होते. खिडकीतून समुद्र दिसतो आणि पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, दोन मिनिटांवर आहे, एवढ्यावर मी भाळले होते. त्या दोन मिनिटांत जांभ्या दगडाची उभी पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट येते, हे मला कोणी सांगितले नव्हते. आपण फोनवर पहिलाच प्रश्न विचारलात, "आई उतरतील, पण परत चढतील का?" अष्टागरातली, म्हणजे अलिबागच्या किनारपट्टीतली आपल्या अक्षीसारखी गावे सपाट आहेत, तिथे नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून सावलीने चालता येते आणि अलिबागचे जिल्हा रुग्णालयही जवळ आहे, हे आपण समजावून सांगितलेत. नुसते सांगून थांबला नाहीत. उतरायच्या घरापासून पुळणीपर्यंत स्वतः चालून पाहिलेत आणि वाटेत टेकायला कुठे देवळाचा पार आहे, कुठे गडग्यालगतचा, म्हणजे दगडी कुंपणालगतचा ओटा आहे, हे मला कळवलेत. अंतर किती यापेक्षा बसायला जागा कुठे, हे आईसाठी जास्त महत्त्वाचे आहे, हे मला मुलगी असूनही सुचले नव्हते.

तारखांबाबतचे आपले मार्गदर्शन तर मी कायम लक्षात ठेवीन. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आपण मला शिकवलात. पौर्णिमेच्या पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे भरती दुपारच्या आसपास आणि ओहोटी पहाटे व संध्याकाळी, अगदी फिरायला निघायच्या वेळेला. उधाणाच्या त्या दिवसांत पाणी ओहोटीला खूप आत जाते आणि ओली, घट्ट वाळू रुंद पट्टीने उघडी पडते. कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो आणि गुडघ्यांवर ताण येतो, तसे तिथे होत नाही. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला दत्तजयंतीनिमित्त चौलच्या डोंगरावर यात्रा भरते आणि रेवदंड्याच्या रस्त्यावर गर्दी होते, म्हणून आपण पौषातली पौर्णिमा सुचवलीत, तीही शनिवार-रविवार टाळून. आई रोज संध्याकाळी सुरूच्या बनाच्या कडेने चालली. गेल्या दोन वर्षांत ती सलग इतके चाललेली मी पाहिली नव्हती.

मांडव्याहून लाँचने गेटवेला उतरण्याचा आमचा विचारही आपणच बदललात. हलत्या लाँचमधून ओलसर पायऱ्यांवर पाऊल टाकणे मावशीला जमले नसते. २०२० साली सुरू झालेल्या रो-रो बोटीत गाडीच आत जाते, सामान गाडीतच राहते आणि साधारण तासाभरात भाऊच्या धक्क्याला पोहोचता येते. तिथून बॅलार्ड पिअर जवळ आहे. तरीही जहाजाच्या दिवशी सकाळी निघू नका, आदल्या दिवशीच मुंबईत मुक्कामाला या, असे आपण आग्रहाने सांगितलेत. एका रात्रीचे भाडे वाचवावे असे मला वाटत होते. आज मी कोणालाही आपलाच सल्ला देईन, कारण बोटीला उशीर झाला तरी जहाज आपल्यासाठी थांबत नाही आणि त्या धास्तीने म्हाताऱ्या माणसांची रात्रीची झोप जाते.

जेवणाची व्यवस्थाही उत्तम होती. वालाच्या बिरड्याची आठवण तिघेही काढतात.

बाबांना मात्र सर्वांत जास्त आनंद शिलालेखाने दिला. शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ मधला, मराठीच्या आद्य शिलालेखांमध्ये गणला जाणारा हा लेख आपल्या गावात आहे हे त्यांना वाचून माहीत होते. पण त्यासमोर आपण शेजारी उभे राहून ओळी म्हणून दाखवल्यात, तेव्हा निवृत्त मराठी शिक्षक असलेल्या माझ्या बाबांचे डोळे भरून आले. त्या ओळी त्यांनी वहीत उतरवून घेतल्या आहेत. एका शब्दावर ते अडले आहेत आणि आपल्याला विचारायचे म्हणून वही फोनजवळच ठेवली आहे. येत्या रविवारी सकाळी त्यांचा फोन येईल.

आपली नम्र,
नाशिकच्या पाहुण्यांची लेक