नाला उपसा, पण काठ सोडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या बेळगावच्या बळ्ळारी नाल्याच्या सफाईची मागणी आपल्या दैनिकातून दरवर्षी होते आणि ती रास्तच आहे. वडगाव, शहापूर, अनगोळ, येळ्ळूर शिवारातलं भात पुराच्या पाण्यात कुजतं, दुबार लावणीची पाळी येते. जलपर्णी आणि गाळ निघालाच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच की जेसीबी नाल्याच्या मधोमध चालवा, काठ खरवडू नका.

काठावरचा लव्हाळा साहेबलोकांना गवत वाटतो. भांगलणीला बसणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. गवताच्या काडीला पेरं असतात. लव्हाळ्याची काडी बोटांत फिरवली की तीन धारा लागतात आणि पेर कुठेच सापडत नाही. पानंही तीन बाजूंना फुटतात. त्याच्याच भाऊबंदांतल्या एकाला तर पानच नाही. नुसती हिरवी गोल काडी आणि टोकाला एकच तुरा. पानाचं काम काडीच करते. माझी मुलगी बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र शिकली, तिच्यामुळे त्याचं एलिओकॅरिस हे नाव कळलं. त्यातल्या जाड काडीच्या जातीला आतून आडवे पडदे असतात. काडी चिमटीत धरून दाबत गेलं की ते टकटक फुटतात. पोरं त्याच खेळात रमतात, गुरं तिकडं बांधात शिरली तरी पत्ता नसतो!

काडी अशी पोकळ असण्याला कारण आहे. पाण्याखालच्या चिखलात हवा नसते, म्हणून ही झाडं वरची हवा काडीतून मुळांपर्यंत पोचवतात. थोडी हवा मुळांतून बाहेरही झिरपते आणि चिखलातलं लोखंड तिथल्या तिथे गंजतं. एखादा ठोंब उपटून पाण्यात खळबळून बघा, चिखल गेला तरी मुळांवरचा तांबूस थर जात नाही. तो गंजच.

त्याहून कामाचं आहे ते याचं जमिनीखालचं आडवं खोड. ते चिखलातून सरपटत पुढे जातं, थोड्या थोड्या अंतरावर खाली मुळं सोडतं, वर नवा कोंब काढतं. गोधडीला टाके घालावेत तसा काठ त्यात शिवला जातो. जेसीबी हे सगळं एका फटक्यात उचलतो. मग मृगाच्या सरी आल्या की उघडा पडलेला काठ ढासळतो आणि उपसलेला गाळ परत नाल्यात.

दुसरं दुखणं आमच्या बांधावर येतं. काठ खरवडून काढलेली माती तिथेच शेताच्या कडेला टाकली जाते. त्यात नागरमोथ्याच्या, म्हणजे लव्हाळ्याच्याच आणखी एका भाऊबंदाच्या, गाठी असतात. (दिवाळीच्या उटण्यासाठी हाच नागरमोथा आपण पैसे मोजून आणतो, ती गोष्ट वेगळी.) या गाठी मातीत एकमेकींना माळेसारख्या जोडलेल्या असतात आणि माळ शाबूत असेपर्यंत त्यांतल्या बऱ्याच झोपून राहतात. माळ तुटली की सुट्या झालेल्या गाठींना कोंब फुटू लागतात. लावणीच्या भातात पाणी उभं असतं, तिथे नागरमोथा फारसं डोकं वर काढत नाही. धूळवाफ पेरणीच्या भातात मात्र सुरुवातीला पाणी नसतं, तिथे तो भाताच्या आधी वर येतो. वरून उपटला तर गाठ खाली राहते, आठवड्यात पुन्हा हिरवा. भांगलणीची मजुरी द्यायची कुणी?

तेव्हा संबंधित खात्याला विनंती आहे. मसूर, वाटाण्याची सुगी झाली की लगेच काम धरावं, मे महिन्याच्या अखेरीस घाईगडबड नको. दोन्ही काठांना निदान दोन हात पट्टा लव्हाळ्यासकट सोडावा. लव्हाळा प्रवाहात उतरून पाणी अडवत असेल तर तेवढा जरूर काढावा, त्याला आमची हरकत नाही. उपसलेली माती बांधावर न टाकता ट्रॅक्टरने लांब न्यावी. जिथे काठ आधीच उघडा पडला आहे तिथे पावसाच्या तोंडावर बिनपानाच्या लव्हाळ्याचे ठोंब लावावेत. नागरमोथ्याचे लावू नयेत, नाहीतर आगीतून फुफाट्यात.

काम सुरू होण्याआधी ठेकेदाराला शिवारात बोलवावं आणि काठ कुठवर सोडायचा ते खुंट्या मारून दाखवावं. खुंट्या आम्ही देऊ.

आपली,
एक शेतकरी महिला, वडगाव, बेळगाव